सोमवारची गोळी

काकींच्या गोळ्यांत चूक मी केली. सरांनी नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण सरांच्या गमती सांगायला लागलो की ऐकणारा हसतो, आणि समोरचा हसत असला की मी हळूच मागच्या दाराने निघून जातो. तशी मला सवय आहे. आज दाराला आधी कडी लावतो आणि मग बोलतो.

सर आम्हाला डी.फार्म.ला फार्माकॉलॉजी शिकवायचे. गोळी शरीराचं काय करते आणि शरीर गोळीचं काय करतं, याचं ते शास्त्र. सर दिसायच्या आधी ऐकू यायचे, कारण त्यांच्या पांढऱ्या कोटाचे दोन्ही खिसे गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांनी भरलेले असत. व्हरांड्यात खुळखुळ झाली की आम्ही सरळ बसायचो. त्या पट्ट्या ते फेकत का नाहीत, असं एकाने विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस मेला की त्याचा फोटो ठेवतात. गोळी गेली की पट्टी ठेवावी. कोण गेलं ते तरी कळतं."

त्यांच्या मांजरीचं नाव डिगॉक्सिन होतं. हे हृदयाचं औषध आहे, आणि त्याचा बरं करणारा डोस आणि विष होणारा डोस यांत अंतर फार थोडं. मांजरीचंही तसंच होतं. मांडीवर घुरघुरत असायची, आणि हात एक बोटभर इकडचा तिकडे झाला की ओरबाडायची. सरांच्या मनगटांवर कायम ओरखडे असत. "नॅरो थेराप्यूटिक इंडेक्स," ते मनगट पुढे करून सांगत, "विसरलात तर माझ्या घरी या."

पुस्तकातली आकृती त्यांनी कधी फळ्यावर काढली नाही. ते देवगडच्या एसटीच्या वाटेचा नकाशा काढायचे.

"मुंबईहून गाडी सुटली. भरलेली. तळेऱ्याला आली. काय होतं?"

"थांबते, सर."

"मग?"

"लोक उतरतात, सर. वडे खातात."

"खातात आणि निम्मे तिथूनच फुटतात. कोण विजयदुर्गाकडे, कोण आणखी कुठे. देवगडला पोचतात ते उरलेसुरले. तोंडाने घेतलेली गोळी अशीच जाते. लिव्हर म्हणजे तळेरे. तिथे जे गळतं ते गळतं, उरेल ते रक्तात. आणि इंजेक्शन?"

सरांनी खडू थेट समुद्रावर टेकवला.

"होडीन थेट बंदरात, मेल्यांनो!"

वर्गात सर प्रमाण मराठी बोलायचे. मालवणीत शिरले म्हणजे एकतर चिडलेत नाहीतर मुद्दा महत्त्वाचा आहे, असं आम्ही समजायचो. बहुतेक वेळा दोन्ही असायचं.

हाफ-लाइफसाठी, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळेसाठी, त्यांनी गणपतीला गावी येणारे चाकरमानी वापरले. निम्मे दीड दिवसाने जातात, उरलेल्यांतले निम्मे गौरीबरोबर, त्यातलेही निम्मे अनंत चतुर्दशीला, आणि शेवटी एक काका राहतो तो दिवाळी आली तरी हलत नाही. अशी औषधंही असतात, त्यांच्यावर नवीन औषध घालताना काका घरातच आहेत हे विसरू नका. ॲन्टॅगोनिस्ट म्हणजे काय? महाप्रसादाच्या पंगतीत पाटावर बसलेला असा माणूस, जो स्वतः जेवत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही. आमच्यातल्या एकाने परीक्षेत इंग्रजीत हे सगळंच लिहिलं, तळेऱ्यासकट. बाहेरगावच्या परीक्षकाने लाल शाईत विचारलं, हे तळेरे कुठल्या पुस्तकात आहे? सर म्हणाले, "एसटीच्या वेळापत्रकात, सांगा त्यांना."

पण सरांची खरी प्रसिद्धी गाऱ्हाण्यामुळे होती. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं म्हणत जातो आणि प्रत्येक वाक्यामागून सगळे "व्हय म्हाराजा!" करतात. आम्ही पहिल्यांदा दुकानात प्रशिक्षणाला जाणार होतो त्या सकाळी सरांनी टेबलावर नारळ ठेवला, सगळ्यांना उभं केलं आणि हात जोडून खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही पोरां औषधाच्या कौंटरार उभी रवतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"योग्य रोग्याक योग्य औषध देतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"योग्य मात्रेत, योग्य वाटेन, योग्य वेळेक देतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पट्टीवरचा नाव काढताना वाचतली, देताना वाचतली, ठेवताना वाचतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि धाच्या जागी शंभर मिलीग्रॅम देवन म्हातारीक वर धाडतली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर थांबले. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मग नारळ उचलून पिशवीत टाकला.

"मेली म्हातारी," ते म्हणाले. "घराक जावा."

आणि खरंच त्या दिवशी आम्हाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी येऊन एवढंच सांगितलं, की आपल्या भागात 'व्हय' म्हणजे 'समजलं' नव्हे. 'व्हय' म्हणजे 'तू बोलतंस, मी उभो आसंय.' तेव्हा औषध देताना 'समजलं ना?' असं जो विचारील त्याला मी नापास करीन. 'तुम्ही सावंतच ना?' असंही विचारायचं नाही, माणूस भिडेने सावंत होतो. नाव त्याच्याच तोंडून घ्यायचं. औषध कसं घ्यायचं ते आपण सांगायचं आणि मग दोनच शब्द बोलायचे: परत सांगा.

गाऱ्हाण्याची चेष्टा केली म्हणून देव रागावला नाही. प्राचार्य रागावले. सरांनी त्यांना लेखी खुलासा देण्याऐवजी ॲन्टासिड दिलं.

पुढे मी देवगडला लागून असलेल्या जामसंड्यात मेडिकल दुकान काढलं. सर निवृत्त झाले, आणि एका दुपारी घरून स्वतःची गोल उशी काखेत मारून आले. माझ्या काउंटरमागच्या खुर्चीवर ती ठेवली, वर बसले आणि म्हणाले, "तू जेवक जा." दुपारी आमचा बाजार असा बंद असतो की कावळाही काव करायच्या आधी विचार करतो. माझं दुकान मात्र तेव्हापासून उघडं राहायला लागलं. शनिवारी ते कॉलेजात एक तास घ्यायला जात, बाकी दुपारी माझ्याकडे.

गिऱ्हाईकं त्यांना वैतागत. कोणी म्हणालं, "गुडघ्याची ती पांढरी गोळी द्या," तर हे, "चुनो पण पांढरो आसता. तो देवू?" कोणी ॲन्टिबायोटिकच्या दोनच कॅप्सूल मागितल्या तर हे चिठ्ठी मागत, आणि चिठ्ठी असली तर सगळाच कोर्स घ्यायला लावत. "दंगल झाली तर दोनच पोलीस धाडतंस? दंगल थांबणा नाय. फक्त दंगल करणारे पोलिसांची तोंडां वळखूक शिकतत." आणि औषधाची पिशवी हातात घट्ट धरून, "परत सांग."

"मी काय शाळेत इलंय?" एक खलाशी भडकला होता.

"शाळेत गेलो असतंस तर सांगलो असतंस."

खलाशाने रागारागाने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, एक अक्षर न चुकता. सरांनी पिशवी दिली. "पास."

मी घरून जेवून येताना हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारा माझं गिऱ्हाईक घालवणार. गेलं कोणी नाही. उलट काही लोक मुद्दाम दुपारीच येत. कुणकेश्वरच्या काकी त्यांतल्या.

काकी तिथल्या महादेवाच्या देवळाच्या वाटेवर नारळ आणि ओटीचं सामान विकायच्या. संधिवाताने त्यांची बोटं कोयतीसारखी वाकडी झाली होती. गोव्याच्या डॉक्टरांनी त्यांना दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. एक मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून फक्त एकदा घ्यायची. रोज घेतली तर विष. दुसरी फॉलिक ॲसिड, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून बाकीच्या दिवशी घ्यायची. दोन्ही पिवळ्या आणि इवल्याशा. पट्टीतून बाहेर काढल्या तर डाळीच्या दोन दाण्यांत फरक सांगावा तसं काम.

सरांनी काकींना ते असं शिकवलं होतं: "देवळात गर्दी कधी?"

"सोमवारी."

"मग ही सोमवारची गोळी. ही महादेवाची. बाकीचे दिवस दुसरी. परत सांग."

काकी परत सांगत. त्यांची बोटं पट्टीतून गोळी काढू शकत नसत, म्हणून त्या दर वेळी म्हणायच्या, "मास्तरांनू, काढून पुडी बांधून दिया ना." आणि सर दर वेळी नाही म्हणायचे. "पट्टीतना भायर काढलेली गोळी म्हणजे जत्रेत हरवलेला पोर. नाव कोण सांगतला? झिलाक सांग काढूक." काकींचा झील, म्हणजे मुलगा, रिक्षा घेऊन दिवसभर बाहेर. काकी सरांना निर्दय म्हणत. मीही म्हणायचो, मनात.

कुणकेश्वरची जत्रा तोंडावर आली होती. दुकानात सकाळची ही गर्दी. काकी त्या दिवशी सकाळीच आल्या, कारण दुपारी त्यांना मंडपात माल लावायचा होता. सर नव्हते. काकी म्हणाल्या, "तू तरी काढून दी रे. जत्रेत झील खंय गावता माका?" मला त्यांची कणव आली, हे खरं आहे. आणि मी त्या निर्दय म्हाताऱ्यापेक्षा चांगला आहे असं वाटून घ्यायची संधी मिळाली, हे त्याहून खरं आहे. मी गोळ्या पट्टीतून काढल्या, दोन पुड्या बांधल्या. मध्येच कोणीतरी खोकल्याचं औषध मागितलं, ते दिलं, परत पुड्यांकडे वळलो. एकीवर 'रोज' लिहिलं, दुसरीवर 'सोमवार'.

"समजलं ना, काकी?"

"व्हय," काकी म्हणाल्या.

त्यांनी मी लिहिलं होतं तसंच केलं. रोज मेथोट्रेक्सेट घेतली आणि सोमवारी फॉलिक ॲसिड. जत्रा उलगली, माणसं पांगली, तेव्हा त्यांचं तोंड आतून सोलवटलं होतं, पाणी गिळवत नव्हतं, ताप होता. मुलगा रिक्षात घालून आधी देवगडला आणि तिथून गोव्याला घेऊन गेला. रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या होत्या. काकी वाचतील की नाही हे कित्येक दिवस कोणी सांगेना.

गोव्याला ठेवून मुलगा परत आला आणि थेट माझ्या दुकानात. पुड्या त्याने काउंटरवर आपटल्या. मी त्या बघितल्या आणि मला तिथल्या तिथे कळलं.

"कोणी बांधल्यान ह्यो?" तो ओरडला. बाहेर माणसं जमली. "तो खुळो मास्तर दुपारचो बसता, तोच ना? माझी आवस तेच्याकडनाच घेता."

मी म्हणालो, "आदल्या दुपारच्या बांधलेल्या असतील. सकाळी मी दिल्या."

'असतील.' त्या एका शब्दात मी किती सुरक्षित बसलो होतो! सरळ खोटं बोललो नाही, असं रात्री स्वतःला सांगता येईल इतपत जागा त्यात होती.

सर नेहमीसारखे दुपारी आले ते नेमके त्या गर्दीत. मुलाने त्यांना भर बाजारात आईबापावरून शिव्या दिल्या. सरांनी पुड्या हातात घेऊन बघितल्या. "पुडी?" ते म्हणाले. "मी?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नीट लावत होतो. त्या आधीच नीट होत्या.

सरांनी उशी उचलली, काखेत मारली आणि गेले.

काकी वाचल्या. मी नवस बोललो होतो तो फेडायला कुणकेश्वरला गेलो, पण नारळ दुसऱ्या दुकानातून घेतला. सरांचा कॉलेजातला शनिवारचा तास बंद झाला. ते आता रक्तदाबाची गोळी माझ्या समोरच्या दुकानातून घ्यायला लागले. तिथे उभं राहून त्या दुकानदाराला छळायचे आणि त्यांचा आवाज रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत यायचा: "परत सांगूक सांग त्येंका!" माझ्या दुकानाकडे ते बघतही नसत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सरांना ते माहीत असावं.

दोनेक वर्षं अशीच गेली. मी बारीक झालो, मग लाडू खाऊन जाड झालो. यंदा कॉलेजची मुलं प्रशिक्षणाला माझ्याकडे आली. मी त्यांना सरांचंच सगळं शिकवत होतो, त्यांचं नाव न घेता. 'परत सांगा'पर्यंत आलो तेव्हा एक मुलगी म्हणाली, "हे आम्हाला झालंय, सर. कॉलेजात उदाहरण देतात ना. एक निवृत्त सर होते, त्यांनी म्हातारपणी मेथोट्रेक्सेटच्या पुड्या उलट बांधल्या. परत सांगायला लावलं नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने वहीत लिहूनही घेतलं.

ज्या माणसाने जन्मात एक पुडी बांधली नाही, तो पुडीचं उदाहरण झाला होता. आणि ही मुलं पुढे आपल्या मुलांना तेच शिकवणार. मी मुलांना घरी पाठवलं, शटर खाली ओढलं आणि सरांच्या घरी गेलो.

सर लुंगी आणि तोच पांढरा कोट घालून अंगणात उन्हात घातलेली आमसुलं परतत होते. बोटं लालभडक. डिगॉक्सिन, म्हणजे तिची नात असावी, पायरीवर बसली होती.

"सर, माफी मागायला आलोय."

"कसली?"

"काकींच्या गोळ्यांची."

सरांनी इकडे तिकडे बघितलं. मांजर उचलून तिच्याखाली बघितलं. "काकी खंय आसा हय?"

"तुमची माफी, सर. तुमचं नाव मी..."

"गोळयो मी गिळलंय? तोंड माझा सोलवटला?" त्यांनी लाल बोटं माझ्यासमोर धरली आणि ते एकेक दुमडायला लागले. "योग्य रोगी. योग्य औषध. योग्य मात्रा. योग्य वाट. योग्य वेळ. मेल्या, माफी मागूक माझ्या दारात इलंस म्हणजे पयल्यातच नापास."

"वेळ तर केव्हाच गेली, सर."

"चुकलेल्या डोसाचा काय शिकवलंय? आठवल्याबरोबर घेवचो. पण दोन डोस एकदम घेवचे नाय. म्हणजे थंय जावन रडूचा नाय." ते पुन्हा आमसुलांकडे वळले. "सोमवारी जा. गर्दी आसता. आणि चिठ्ठी धाडू नको. तोंडान."

मी निघालो. फाटकापाशी असताना ते मागून म्हणाले, "शनिवारी आता मांजरीक शिकवतंय. लक्ष नाय तिचा."

सोमवारी मी कुणकेश्वरला गेलो. काकी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा रिक्षा चालूच ठेवून बाजूला उभा होता, दर्शनाला निघालेली माणसं नारळ घेत होती. वाटेत मी वाक्यं पाठ केली होती.

"काकी, मागे आपल्याला जो त्रास झाला त्याबाबत मला दिलगिरी व्यक्त करायची आहे..."

"काय बोलतंस रे?" काकी म्हणाल्या. "तलाठ्यासारखो. आपल्या भाषेत बोल."

मग मी बोललो. गोळ्यो मी काढलंय, पुडयो मी बांधलंय, नावां मी उलट लिवलंय, मास्तरांचो काय संबंध नाय. मुलगा माझ्याकडे वळला. नारळ घेणारी बाई थांबली.

"व्हय," काकी म्हणाल्या, आणि बाईच्या हातातला नारळ घेऊन कानाशी हलवून बघायला लागल्या.

तो 'व्हय' मी ओळखला. तू बोलतंस, मी बसली आसंय. तो घेऊन मी घरी जाऊ शकलो असतो. अशा 'व्हय'वर माझं सगळं आयुष्य नीट चाललं होतं.

"काकी," मी म्हटलं, "मी काय सांगलंय ता परत सांग."

काकींनी नारळ खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"गोळयो तू काढलंस. पुडयो तू बांधलंस. मास्तरान नाय." त्या थांबल्या. "आणि माझो झील त्या म्हाताऱ्याक बाजारात गाळयो घालीत होतो, तेव्हा तू थंयच उभो होतंस. ह्या सांगूक इसारलंस."

माझा हात समोरचे नारळ नीट लावायला गेला.

"मास्तर काय म्हणायचे?" काकी म्हणाल्या. "हां. परत सांग. मोठ्यान."

आता वाट अडली होती. मागच्या माणसांना वाटलं नारळावरून भांडण आहे, ती जवळ आली. मुलाने रिक्षाचं इंजिन बंद केलं. मी हात जोडले, गाऱ्हाण्याला जोडतात तसे, दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

"गोळयो मी काढलंय," मी म्हणालो. "पुडयो मी उलट बांधलंय. नाव मास्तरांचा पुढे केलंय. तुझो झील तेंका गाळयो घालीत होतो, तेव्हा मी थंयच उभो होतंय, बाटल्यो लावीत, गप. चूक माझी. काकी, माका माफ कर."